बोटावरचं रिव्हॉल्व्हर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या एका कसरतीबद्दल लिहिलं होतं. रिव्हॉल्व्हर तर्जनीवर गरगर फिरवायचं, हवेत झेलायचं आणि कमरेच्या म्यानात परत सोडायचं, अशी ती कसरत. त्यावर बरीच पत्रं आली. काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. ट्रिगरला आम्ही चाप म्हणतो, हॅमरला घोडा, चापाभोवतीच्या गोल पट्टीला कडी, हातात धरायच्या दांड्याला मूठ आणि गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरला चक्री. खालच्या प्रत्येक उत्तरात हातात डमी आहे असंच धरून चाला. जिथे खऱ्या शस्त्राचा विषय आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या खेळण्यातल्या रिव्हॉल्व्हरवर महिनाभर सराव करतोय. चार-पाच फेऱ्या होतात आणि ते बोटावरून निसटतं. जोर कमी पडतोय का? (सांगली)

जोर कमी पडत नाही, बहुधा जास्तच लागतोय. आधी वस्तू तपासा. या कलेतलं मूळ हत्यार म्हणजे १८७३ सालचं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी, आणि त्याचं वजन किलोभर भरतं. दीड-दोनशे ग्रॅमच्या पोकळ प्लास्टिकला स्वतःचा वेग टिकवता येत नाही. प्रत्येक फेरीला तुम्ही त्याला ढकलता आणि त्या ढकलण्यानेच ते बोटावरून सरकतं. जड वस्तू फिरवायला सोपी जाते. नवख्यांना हे पटत नाही, पण एकदा हातात घेतली की लगेच कळतं.

आता बोट. कडी तर्जनीच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मधे बसली पाहिजे, टोकाकडे नव्हे. उजव्या हाताने फिरवत असाल तर तर्जनी जमिनीला समांतर आणि डावीकडे रोखलेली ठेवा, शेवटचं पेर किंचित वर वळवा. तो छोटा आकडा म्हणजे तुमचा अडसर. बाकीची तीन बोटं तळहातात मिटून घ्या. अंगठा बाजूला ठेवा, नाहीतर घोड्याचं शिंग, म्हणजे अंगठ्याने ओढायचं त्याचं टोक, दर फेरीला त्यावर आपटेल.

शिकायच्या फिरकी दोन. पुढच्या फिरकीत नळी समोरून खाली, मग तुमच्याकडे, मग वर जाऊन परत समोर येते. मागच्या फिरकीत ती समोरून वर, मग मागे, मग खाली जाऊन समोर येते. पुढची आधी शिका, कारण तिच्यात झेल सोपा आहे. नळी वरून समोर उतरत असते तेव्हा मूठ खालून आपोआप तळहातात येते आणि तीन बोटं मिटली की काम झालं. सुरुवात मात्र अडते, कारण मूठ अंगठ्याच्या बेचक्याला लागते. त्यासाठी मनगट थोडं बाहेर वळवा आणि मुठीला वर जायला वाट करून द्या. मागच्या फिरकीत उलट होतं. बोटं उघडली की मूठ सहज सुटते, पण परत येताना ती वरून उतरते आणि बेचक्यावर आदळते. म्हणून ती नंतर.

फेऱ्या टिकत नाहीत त्याचं खरं कारण तालात आहे. कडी हा फिरण्याचा आस, पण वजनाचा मध्य त्याच्या पुढे आणि वर, चक्रीच्या आसपास असतो. त्यामुळे नळी खाली जाताना वेग घेते आणि वर चढताना दमते. झोक्यावर उभा असलेला मुलगा झोका तळाला आला की गुडघे सरळ करतो, तेच इथे करायचं आहे. नळी अगदी खाली आली त्या क्षणी बोट दोन-तीन सेंटिमीटर वर उचला आणि नळी वर गेली की पुन्हा खाली आणा. फेरीला एकच उचल. सुरुवातीला मनगटातून, हात बसला की फक्त बोटातून. प्रत्येक फेरीला दोनदा हिसका दिला तर ताल मोडतो.

निसटण्यावरून चूक ओळखता येते. रिव्हॉल्व्हर बोटाच्या टोकाकडे सरकत असेल तर तर्जनी खाली झुकली आहे. डगमगत, तिरकं फिरत असेल तर मनगट आत-बाहेर हलतंय. फिरताना मूठ तळहाताला घासत असेल तर मिटलेली बोटं सैल पडली आहेत. एकदम अडकत असेल तर बोट कडीत फार आत, दुसऱ्या पेराच्या मागे गेलं आहे.

आणि फेऱ्या मोजणं सोडा. एक फेरी, झेल, थांबा. हे लागोपाठ वीस वेळा न चुकता जमलं की दोन फेऱ्या. फिरवणं आठवड्यात येतं, पण ज्या जागी ठरवलं त्या जागी मूठ हातात येऊन थांबणं, याला महिने लागतात आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात भरतं ते हेच.

प्रश्न : चांगली डमी बाजारात मिळत नाही. सुताराकडून करून घेता येईल का? मापं द्याल का? (नाशिक)

येईल. कोल्टच्या नळ्या तीन लांबींत येत, ४¾, ५½ आणि ७½ इंच. पहिल्या डमीसाठी मधली धरा. त्यात पूर्ण वस्तूची लांबी सुमारे ११ इंच, म्हणजे २८० मिलिमीटर होते. साडेसात इंची नळी दिसायला देखणी, पण पुढे इतकी जड की मनगट लवकर थकतं. पावणेपाच इंची सर्वांत चपळ, आणि कसरत करणाऱ्या पुष्कळांची आवडती. पण ती इतक्या भराभर वळते की नवख्याचा झेल हुकतो.

लाकूड शिसवाचं घ्या, सागवान हलकं पडतं. नळी आणि चक्री एकाच ठोकळ्यातून काढा, चक्री फिरती करण्याचं कारण नाही. कडी मात्र लाकडाची नको, महिन्याभरात तुटेल. ५ मिलिमीटरची लोखंडी सळई वाकवून दोन्ही टोकं लाकडात खोल बसवा. आतली मोकळी जागा साधारण २५ ते २८ मिलिमीटर ठेवा. बोट सैल फिरलं पाहिजे, पण हेलकावणार इतकं सैल नको. चाप बसवूच नका. कडीच्या आतल्या कडा आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काचेसारख्या गुळगुळीत करा. इथली एक बारीक खरड बोटाची साल काढते.

वजनासाठी नळीला पुढून भोक पाडून लोखंडी नट भरा आणि लाकडी खुंटीने बंद करा. शिसं वापरू नका, रोज हाताळायची वस्तू आहे. थोडं वजन मुठीतही घाला. तोल पाहायला डमी आडवी करून एका पेन्सिलीवर ठेवा. ती कडीच्या पुढे बोटभर अंतरावर स्थिर राहिली पाहिजे. पहिल्या महिन्यात ६०० ग्रॅम पुरे, पुढे ९०० पर्यंत न्या.

रंग भगवा, पिवळा किंवा पोपटी, लांबून कळेल असा द्या. काळी किंवा स्टीलच्या रंगाची डमी घेऊन गच्चीवर सराव केलात तर समोरच्या इमारतीतून पोलिसांना फोन जाईल, आणि फोन करणाऱ्याची त्यात काही चूक नसेल. परदेशातून धातूची हुबेहूब प्रतिकृती मागवायचा विचार असेल तर ऑर्डर देण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेत चौकशी करा, पार्सल कस्टममध्ये अडकल्यावर नव्हे.

प्रश्न : मामांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. गोळ्या काढून त्याच्यावर सराव केला तर चालेल का? (बीड)

नाही. यात दुसरा विचार नको.

पहिलं कारण कायद्याचं. परवाना मामांच्या नावावर आहे आणि तुमच्या हातात ते शस्त्र विनापरवाना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात लग्न-समारंभात किंवा सार्वजनिक ठिकाणी हौसेने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वरातीत शस्त्र फिरवायची हौस असणाऱ्या प्रत्येकाने हे कलम वाचावं.

दुसरं कारण यंत्राचं आहे आणि ते नीट समजून घ्या, कारण ही सगळी कला त्याच्यावर उभी आहे. आपल्याकडची .३२ रिव्हॉल्व्हर डबल ॲक्शन असतात. चाप पुरता ओढला की चक्री फिरते, घोडा मागे जातो आणि सुटतो, सगळं एकाच ओढीत. बोटावर फिरवताना वस्तूचं सगळं वजन कधी कडीवर तर कधी थेट चापावर येतं. म्हणजे फिरवणं हेच चाप ओढणं होऊन बसतं. १८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन आहे. अंगठ्याने घोडा पूर्ण मागे ओढून चढवल्याशिवाय चाप दाबून काहीच होत नाही. घोडा उतरलेला असेल तोवर चापावर कितीही वजन येवो, तो गप्प राहतो. म्हणूनच ही कसरत त्या जातीच्या रिव्हॉल्व्हरवर जन्माला आली.

तरीही जुन्या कोल्टमध्ये एक धोका उरतोच. घोडा उतरलेला असताना त्याची पिन समोरच्या काडतुसाच्या टोपीवर टेकून असते. रिव्हॉल्व्हर हातातून सुटून घोड्यावर पडलं तर गोळी उडते. म्हणून त्या काळचे जाणते लोक सहाच्या चक्रीत पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवत. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि पिन यांच्या मधे सरकणारी पट्टी आणली. चाप दाबलेला असेल तरच ती वर येते, आणि ती वर नसेल तर घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचतच नाही. पण फिरवताना चाप दाबला जातोच, तेव्हा या पट्टीच्या भरवशावर भरलेलं शस्त्र फिरवणं हाही वेडेपणाच.

प्रश्न : आमचा मर्दानी खेळाचा आखाडा आहे. पट्टा आणि काठी खेळणाऱ्या मुलांना ही कसरत लवकर येईल का? (कोल्हापूर)

काठी आणि बनाटी (टोकांना गोळे असलेली काठी) खेळणाऱ्याला येईल, निव्वळ पट्टेकऱ्याला मात्र आधी थोडं विसरावं लागेल. दांडपट्ट्यात पंजा लोखंडी खोबळ्यात जातो आणि मनगट जखडलं जातं. फिरत सगळी खांद्यातून आणि कोपरातून निघते. इथे खांदा आणि कोपर स्थिर राहतात आणि काम मनगट आणि एका बोटाचं असतं. पट्टा खेळणारी मुलं पहिले काही दिवस अख्खा हात फिरवतात आणि रिव्हॉल्व्हर लांब भिरकावतात. त्यांना कोपर बरगडीला टेकवून, मधे दुमडलेला टॉवेल धरून सराव द्या. टॉवेल पडला की फेरी बाद.

बनाटीची मुलं उलट पहिल्याच दिवशी ताल पकडतील. टोकाचं वजन खाली आलं की उचल द्यायची ही त्यांच्या हातातली सवय आहे. काठी बोटांवरून लोळवायची सवय असेल तर आडवी फिरकीही त्यांना लवकर जमेल. त्यात तर्जनी आकाशाकडे उभी करून रिव्हॉल्व्हर पंख्यासारखं डोक्याच्या उंचीवर फिरवतात. तिथे वजनाची मदत मिळत नाही, सगळा वेग मनगटाच्या छोट्या गोलातून द्यावा लागतो.

प्रश्न : खरे गुराखी आणि दरोडेखोर असं काही करत होते, की हे सगळं सिनेमावाल्यांचं? (पुणे)

दोन्ही. पण मोठा वाटा नंतरच्यांचा. जुन्या काळाशी जोडलेली एक युक्ती आहे, तिला रोड एजंट्स स्पिन म्हणतात. रोड एजंट म्हणजे वाटमाऱ्या. शरण आल्यासारखं रिव्हॉल्व्हर उलटं धरायचं, मूठ समोरच्याकडे, नळी स्वतःकडे, पण तर्जनी कडीतच ठेवायची. समोरचा घ्यायला हात पुढे करतो तेव्हा मनगटाच्या एका झटक्याने ते अर्धी फेरी वळतं, मूठ तळहातात येते आणि अंगठा घोडा चढवतो. जॉन वेस्ली हार्डिन या कुप्रसिद्ध बंदूकबाजाने १८७१ मध्ये ॲबिलीन गावात तिथला मार्शल, म्हणजे पोलीस प्रमुख, वाइल्ड बिल हिकॉक याच्यावर ही युक्ती केली असं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं. दुसऱ्या कुणाची साक्ष त्याला नाही. हार्डिनला स्वतःची थोरवी सांगायची हौस होती, तेव्हा आम्ही ते तोलूनमापूनच घेतो.

दुसरं उदाहरण ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावचं. ऑक्टोबर १८८० मध्ये तिथला मार्शल फ्रेड व्हाइट हा कर्ली बिल ब्रोशस नावाच्या गुंडाकडून रिव्हॉल्व्हर काढून घेत असताना गोळी सुटली आणि व्हाइट दोन दिवसांनी गेला. कर्ली बिलने हीच युक्ती केली अशी दंतकथा झाली, इतकी की फिरकीला त्याचं नाव पडलं. पण मरण्यापूर्वी व्हाइटनेच तो अपघात असल्याचं सांगितलं होतं, आणि घोडा अर्धा चढवून ज्या खाचेत अडकतो तिथूनही ते रिव्हॉल्व्हर सुटतं असं चौकशीत पुढे आलं. कर्ली बिल सुटला. म्हणजे जिला या युक्तीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मानतात, ती घटना बहुधा एका बिघडलेल्या खाचेची आणि ओढाताणीची गोष्ट आहे.

आज आपण जी झगमगीत फिरवाफिरवी पाहतो ती गुराख्यांच्या कसरती दाखवणाऱ्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांतून आली आणि १९५० च्या दशकात टीव्हीवरच्या गुराख्यांनी घराघरांत नेली.

प्रश्न : नोकरीनिमित्त फिनिक्समध्ये आहे. इथल्या क्लबात फास्ट ड्रॉ चालतो, तो आणि फॅन्सी ड्रॉ एकच का? म्यान कुठलं घ्यावं? (ॲरिझोना)

एक नव्हे, आणि दोन्ही एकत्र शिकायला गेलात तर दोन्ही बिघडतील. फास्ट ड्रॉमध्ये दिवा लागताच रिव्हॉल्व्हर काढून समोरच्या गोल चकतीवर मेणाची गोळी मारायची असते आणि वेळ विजेच्या घड्याळाने मोजतात. सराईत माणूस अर्ध्या सेकंदाच्या आत हे करतो. तिथे एक जादा हालचाल म्हणजे हार. फॅन्सी ड्रॉ ही दाखवायची कला आहे, तिथे वेगापेक्षा रेष स्वच्छ हवी.

म्यानांतही हाच फरक. १९५० च्या दशकात हॉलिवूडच्या नटांना शिकवणाऱ्या आर्वो ओहाला यांनी चामड्याच्या आत धातूचा पत्रा बसवलेलं म्यान प्रचारात आणलं. चामडं चक्रीला चिकटून बसत नाही, त्यामुळे रिव्हॉल्व्हर म्यानात असतानाच घोडा चढवता येतो. फास्ट ड्रॉसाठी ते उत्तम. फिरकीसाठी तुम्हाला पाहायचं आहे ते तोंड. ते ताठ, उघडं आणि न मिटणारं हवं. कडी पूर्ण बाहेर राहिली पाहिजे, म्हणजे तर्जनी अडखळत नाही. चामडं ३ ते ४ मिलिमीटर जाड घ्या. पातळ चामड्याचं तोंड काही दिवसांत आत पडतं आणि परत घालताना नळी कडेवर अडकते. खालचं टोक दोरीने मांडीला बांधा, नाहीतर काढताना म्यानही वर येईल. पट्टा इतक्या उंचीवर असू द्या, की हात सैल सोडल्यावर मूठ मनगट आणि कोपर यांच्या मधे येईल. सिनेमात दिसतं तसं गुडघ्याकडे लोंबणारं म्यान घेतलंत तर काढताना खांदा खाली झुकतो आणि पुढची फिरकी तिरकी जाते.

परत घालण्याची कृती. शेवटची फेरी पूर्ण करा, मूठ घट्ट हातात येऊ द्या, क्षणभर थांबा, मग नळी खाली वळवून म्यानात सोडा. फिरकीतून थेट म्यानात सोडणं दिसायला छान, पण ते तिसऱ्या-चौथ्या महिन्याचं काम. तोवर म्यानाकडे बघूनच घाला. लोक बघताना लाजतात आणि तिथेच नळी मांडीवर आपटून घेतात.

तुमच्याकडे खरं कोल्ट किंवा रुगर विकत मिळेल, म्हणून एवढंच. फिरकीचा सराव करायच्या खोलीत एकही काडतूस नको. कोल्ट असेल तर घोडा अर्धा चढवा (१९७३ नंतरच्या रुगरमध्ये तो उतरलेलाच ठेवा), बाजूचं झडप उघडा, चक्री एकेक घर फिरवत सहाही घरांतून उजेड पाहा. मग दुसऱ्या माणसाला तेच करायला सांगा. खोलीबाहेर जाऊन आलात की पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : एकांकिकेत खलनायक रिव्हॉल्व्हर फिरवतो आणि मग गोळी झाडतो. आवाजासाठी ब्लँक वापरायचा विचार आहे. (नागपूर)

ब्लँक नको. त्यात गोळी नसली तरी दारू असते, आणि तोंडातून निघणारा वायू जवळून जीव घेतो. जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकी नट १९८४ मध्ये चित्रीकरणाच्या जागी ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढल्यामुळे गेला. आवाज ध्वनियोजनेतून द्या. नटाने मनगट किंचित वर उडवलं आणि आवाज त्याच क्षणी आला की शेवटच्या रांगेलाही पटतं.

रंगमंचावर एकच फिरकी, फार तर दोन. प्रकाशात घाम येतो आणि बोट घसरतं, म्हणून विंगेत बोटाला थोडी टाल्कम पावडर लावा. नट प्रेक्षकांना आडवा उभा राहिला पाहिजे, फिरकीचं चक्र बाजूनेच दिसतं. समोर तोंड करून फिरवली तर फक्त हात थरथरताना दिसतो. पहिल्या रांगेपासून किमान तीन मीटर आत राहा, कारण सुटलेली डमी कुठेही जाऊ शकते. आणि ती सुटलीच तर झेलायला झेपावू नका. मागे पाऊल घ्या, पडू द्या, भूमिकेत राहून उचला. ही सवय तालमीतच लावा, घरी सराव करतानाही गादीसमोर उभं राहून.

प्रश्न : तर्जनीच्या बाजूला फोड आले आहेत. पट्टी बांधून चालू ठेवू का? आणि दुसरा हात कधी सुरू करावा? (डोंबिवली)

पट्टी बांधली की कडी तिच्यावर अडकते आणि चुकीची पकड शिकली जाते. फोड बसेपर्यंत त्या हाताला सुट्टी द्या आणि तेवढ्यात दुसरा हात सुरू करा. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं पुरेत, एका बैठकीत तासभर नको. फोड पेराच्या बाजूला आला असेल तर जागा बरोबर आहे आणि कातडी निबर होईल. टोकाच्या पेरावर आला असेल तर कडी पुढे सरकते आहे, पहिलं उत्तर पुन्हा वाचा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येत असेल तर डमीचं वजन शंभर-दीडशे ग्रॅमने उतरवा आणि आठवडाभर फक्त पुढची फिरकी ठेवा.

दोन्ही हात एकत्र मात्र इतक्यात नको. डावा हात एकट्याने वीसपैकी अठरा झेल घेऊ लागला की मगच, आणि तेव्हाही आधी दोन्ही हातांत एकाच दिशेची फिरकी घ्या. एक पुढे आणि एक मागे, हे त्याच्या नंतर.